दुकान तुमचे, नाव दुसऱ्याचे? परदेशात धंदा थाटण्याआधी वर्क परमिट समजून घ्या

पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांतून आखाती देशांत नोकरीला जाणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटाव एमआयडीसी यांनी या भागाला वेल्डर, फिटर, रिगर, ऑपरेटर आणि इलेक्ट्रिशियन दिले. जिल्ह्याचे आरटीओ कार्यालय पेणला असल्याने अवजड वाहनांचा परवाना काढून ड्रायव्हर म्हणून बाहेर पडणारेही आहेत. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या बाजूच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांचे आखाताशी अनेक दशकांचे नाते आहे. शेजारधर्माने आणि ओळखीपाळखीने आपली मुलेही त्या वाटेने गेली.

तिकडे चार-पाच वर्षे काढल्यावर बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो. पगारावर किती दिवस राबायचे? छोटेसे काहीतरी स्वतःचे सुरू करावे. एसी दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती, शिलाई, केशकर्तनालय, गावाकडच्या जेवणाची मेस, गाड्यांचे गॅरेज. विचार चांगलाच आहे. आपल्या समाजातून उद्योजक निर्माण व्हावेत, असे आपण व्यासपीठांवरून सतत बोलतो. पण नोकरीच्या व्हिसावर परदेशात धंदा करता येतो का, या प्रश्नावर ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. "सगळेच करतात", "कफील आपला माणूस आहे", "महिन्याला ठरलेले पैसे दिले की कोणी विचारत नाही" ही उत्तरे जास्त ऐकू येतात. या उत्तरांवर विसंबून आयुष्यभराची कमाई पणाला लागते. म्हणून नियम काय आहेत, ते आम्ही या लेखात साध्या शब्दांत मांडत आहोत.

आधी थोडक्यात उत्तर

नोकरीचा व्हिसा म्हणजे एका ठरावीक मालकाकडे, एका ठरावीक कामासाठी दिलेली परवानगी. त्या परवानगीत स्वतःचा धंदा बसत नाही. धंद्यासाठी वेगळा परवाना आणि बहुतेक ठिकाणी वेगळ्या प्रकारचा रहिवास परवाना लागतो. हा परवाना तुमच्या स्वतःच्या नावावर नसेल, तर कायद्याच्या नजरेत ते दुकान तुमचे नाही, मग त्यात पैसा आणि घाम कोणाचाही असो.

चार कागद, चार कामे

गोंधळ होतो तो चार वेगळे कागद एकच समजल्यामुळे.

पहिला कागद व्हिसा. तो त्या देशाच्या दारातून आत जाण्यापुरता असतो. भेटीच्या व्हिसावर गेलेला माणूस त्या देशात काम करू शकत नाही, मालही विकू शकत नाही. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ" हे एजंटचे वाक्य ऐकले की सावध व्हावे.

दुसरा कागद वर्क परमिट. कोणत्या मालकाकडे आणि कोणत्या पदावर काम करायचे, हे त्यावर लिहिलेले असते. पद "लोडर" असेल आणि तुम्ही गाडी चालवत असाल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी आणि पोलीस दोघेही तोच कागद पुढे करतात. घरकामाच्या व्हिसावर गेलेल्या बहिणीला मालकाने आपल्या दुकानात उभे केले, तर तेही नियमाबाहेरच आहे.

तिसरा कागद रहिवास परवाना. सौदी अरेबियात त्याला इकामा म्हणतात आणि आपली मुलेही तोच शब्द वापरतात. वर्क परमिट गेले की बहुतेक वेळा रहिवासही जातो, कारण दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात.

चौथा कागद धंद्याचा परवाना. तो नगरपालिका, व्यापार खाते किंवा आर्थिक विभाग देतो. खाण्यापिण्याचा धंदा असेल तर अन्नसुरक्षेची वेगळी मंजुरी लागते. खोलीवर डबे करून विकणाऱ्याकडे साधारणपणे पहिले तीन कागद असतात, चौथा नसतो. आणि पहिले तिन्ही नोकरीचे असल्यामुळे चौथा मागायला गेले, तरी सहज मिळत नाही.

"आझाद व्हिसा" नावाचा व्हिसा कोणत्याच सरकारकडे नाही

आखातात "आझाद व्हिसा" किंवा "फ्री व्हिसा" हा शब्द सर्रास चालतो. तिथला एखादा नागरिक किंवा कंपनी कागदावर तुम्हाला नोकर दाखवते, प्रत्यक्षात काम देत नाही. तुम्ही बाहेर मिळेल ते काम करायचे आणि त्या कफीलला दर महिन्याला किंवा नूतनीकरणाच्या वेळी ठरलेली रक्कम द्यायची. एजंट याला स्वातंत्र्य म्हणून विकतो आणि साध्या व्हिसापेक्षा जास्त पैसे घेतो.

कायद्याने पाहिले तर असा माणूस दररोज नियम मोडत असतो. सौदी कामगार कायद्याचे कलम ३९ सांगते, की मालकाने आपल्या कामगाराला दुसऱ्याकडे किंवा स्वतःच्या हिशेबाने काम करू देऊ नये आणि कामगारानेही तसे करू नये. कफीलशी बिनसले, तर तो कामगार पळून गेल्याची तक्रार करू शकतो. सौदीत या तक्रारीला "हुरूब" म्हणतात. २०२१ च्या मार्चपासून सौदीने काही अटींवर मालक बदलण्याची मुभा दिली. त्यामुळे प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्याची स्थिती थोडी सुधारली. पण जो मालकाकडे कधी कामच करत नव्हता, तो त्या मुभेचा आधार कसा घेणार?

बहरीनने २०१७ मध्ये "फ्लेक्सी परमिट" आणले होते. त्यात कामगाराला कफीलशिवाय स्वतःच्या नावावर परमिट घेऊन काम करता येत असे. २०२२ मध्ये ते बंद करून ठरावीक व्यवसायांसाठी नोंदणीची दुसरी पद्धत आणली गेली. एका देशात एका वर्षी जे चालले, ते पाच वर्षांनी चालेलच असे नाही, हे यावरून लक्षात घ्यावे.

दुसऱ्याच्या नावावरचे दुकान: सौदीचा कायदा

समजा, रोह्याजवळच्या गावचा एक तरुण जेद्दाहला एसी टेक्निशियन म्हणून गेला. सहा वर्षांत त्याने काम शिकले, ओळखी जमवल्या. मग एका सौदी नागरिकाच्या नावावर दुकानाचा परवाना काढला. सामान, भाडे, कारागिरांचा पगार सगळे त्याचे. सौदी माणसाला महिन्याला ठरलेली रक्कम. दुकान चालले, गावी घर बांधले, बहिणीचे लग्न झाले. वरवर सगळे छान दिसते.

या व्यवहाराला सौदीत "तसत्तुर" म्हणतात. अर्थ आहे आडोसा घेणे, झाकणे. २०२० मध्ये तिथे याविरुद्ध नवा कडक कायदा झाला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रियालपर्यंत दंड. नाव देणारा आणि धंदा चालवणारा दोघेही आरोपी. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात आणि पुन्हा कामासाठी येऊ देत नाहीत. धंद्यातील कमाई जप्त होऊ शकते. माहिती देणाऱ्याला वसूल झालेल्या दंडाच्या तीस टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची तरतूद आहे. म्हणजे तक्रार करायला शत्रूच हवा असे नाही, दुकानातील नाराज कारागीरही पुरेसा आहे.

सरकारने अशा धंद्यांना कागद सुधारून घेण्यासाठी १६ फेब्रुवारी २०२२ पर्यंत मुदत दिली होती. ज्यांनी त्या काळात रीतसर भागीदारी किंवा गुंतवणूकदाराचा परवाना घेतला, त्यांना जुन्या व्यवहाराबद्दल शिक्षेतून सूट मिळाली. ती मुदत संपली. आता बँक व्यवहार, वीजबिल, पगारपत्रक आणि बाहेर पाठवलेला पैसा हे सगळे संगणकावर जुळवून पाहता येते. महिन्याचा पगार दोन हजार रियाल आणि घरी पाठवलेले पैसे दहा हजार, असा हिशेब उघडा पडायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट. काही धंदे परदेशी माणसासाठी पूर्णच बंद होऊ शकतात. सौदीने २०१६ मध्ये मोबाइल विक्री आणि दुरुस्तीची दुकाने पूर्णपणे सौदी नागरिकांसाठी राखून ठेवली. त्यासाठी जूनपर्यंत निम्मे आणि सप्टेंबरपर्यंत सगळे कर्मचारी सौदी असावेत, असा आदेश निघाला. अनेक भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कारागिरांची वर्षानुवर्षांची दुकाने काही महिन्यांत गेली. दुकान त्यांच्या नावावर नव्हतेच. मग भरपाई कोण आणि कोणाला देणार?

खोती आठवा

हा व्यवहार रायगडच्या माणसाला अनोळखी वाटू नये. आपल्या आजा-पणजांनी हाच प्रकार खोतीच्या रूपाने भोगला आहे. जमीन कसायची कुळाने, भात पिकवायचे कुळाने, आणि कागदावर नाव खोताचे. खोताची मर्जी फिरली की कूळ रस्त्यावर. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला, तो याच अन्यायाविरुद्ध. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर गेला. कसणाऱ्याच्या श्रमाला कायद्याचा कागद नसेल तर ते श्रम लुटले जातात, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

कफील आणि आझाद व्हिसावाला यांचे नाते याच जातीचे आहे. फरक एवढाच, की खोताच्या कुळावर ती व्यवस्था लादलेली होती. आपला तरुण मात्र दीड-दोन लाख रुपये एजंटच्या हातावर ठेवून स्वतःहून कूळ होतो. कागदाच्या बळावर गुलामी तोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. परदेशात गेल्यावर "कागदाचे काय एवढे" हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

मग रीतसर मार्ग कोणते?

मार्ग आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ते वाढले आहेत. देशादेशात फरक मोठा आहे.

*संयुक्त अरब अमिराती.* पूर्वी दुबईसारख्या शहरात दुकान काढायचे तर ५१ टक्के भागीदारी स्थानिक नागरिकाची लागत असे. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी घेता येते. याशिवाय फ्री झोन आहेत. मात्र फ्री झोनच्या परवान्यावर सर्वसाधारणपणे शहरातील रस्त्यावर दुकान उघडता येत नाही. स्वस्तातील परवाना घेण्याआधी त्यावर कोणते काम लिहिले आहे, ते वाचावे. नोकरीत असतानाच परवाना काढणाऱ्याकडून काही ठिकाणी मालकाचे ना-हरकत पत्र मागतात. स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठी २०२२ पासून पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा आहे, पण त्यासाठी पदवी किंवा विशेष पदविका आणि मागील दोन वर्षांत वार्षिक ३ लाख ६० हजार दिरहम उत्पन्न दाखवावे लागते. आपल्या बहुतेक मुलांसाठी तो दूरचा आहे. दुसऱ्या बाजूला, परमिटशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. त्यामुळे तुम्ही छोटे गॅरेज काढले आणि गावच्या भावाला भेटीच्या व्हिसावर बोलावून कामाला लावले, तर तो दंड तुमच्याच डोक्यावर येतो.

*कुवेत.* इथे रहिवास परवान्याला कलमांचे क्रमांक आहेत. खासगी नोकरीसाठी कलम १८, घरकामासाठी कलम २०, भागीदार किंवा गुंतवणूकदारासाठी कलम १९. अनेक परदेशी लोक कलम १८ वर राहून कंपन्यांत भागीदार झाले होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वाणिज्य मंत्रालयाने अशा भागीदारीला स्थगिती दिली आणि हजारो लोकांची अडचण झाली. कुवेतमध्ये कोणाच्याही कंपनीत पैसे घालण्याआधी आपला रहिवास कोणत्या कलमाखाली आहे आणि त्या दिवशी नियम काय आहे, हे पाहावे.

*सौदी अरेबिया.* गुंतवणूक मंत्रालयाचा परवाना घेऊन परदेशी माणूस धंदा करू शकतो. २०१९ पासून प्रीमियम रेसिडेन्सी नावाचा रहिवासही आहे. त्यात कफील लागत नाही, पण वर्षाचे शुल्क एक लाख रियाल आणि कायमस्वरूपी हवा असेल तर आठ लाख रियाल. छोट्या दुकानदाराला हे परवडणारे नाही. त्याच्यासाठी चांगला मालक शोधून रीतसर नोकरी बदलणे हाच मार्ग शहाणपणाचा.

*कतार आणि ओमान.* दोन्ही देशांनी परदेशी मालकीचे नियम सैल केले आहेत, कतारने २०१९ च्या कायद्याने आणि ओमानने २०२० पासून. नोकरी बदलताना जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अटही कतारने २०२० मध्ये आणि ओमानने २०२१ मध्ये काढली.

थायलंड: धम्माचा देश, तरी नियम तेच

आपल्यातील अनेक उपासक-उपासिका थायलंडला धम्मयात्रेला जातात. तिथले विहार, भिक्खूसंघ आणि लोकांचा आदर पाहून काहींना वाटते, की इथेच भारतीय जेवणाचे हॉटेल काढावे किंवा यात्रेकरूंचा गाइड म्हणून काम करावे. बौद्ध म्हणून आपल्याला सवलत मिळेल, असाही समज असतो. तशी सवलत नाही.

थायलंडने १९९९ च्या कायद्याने परदेशी माणसाच्या धंद्यावर मर्यादा घातल्या आहेत. साधारण नियम असा, की एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटसाठी कंपनीचे वीस लाख बात भांडवल आणि चार थाई कर्मचारी लागतात. टूर गाइड, केस कापणे, थाई मसाज, फेरीवाल्याची विक्री ही कामे थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. यात्रा कंपनीचा भारतीय प्रमुख आपल्या लोकांची व्यवस्था पाहू शकतो, पण तिथे गाइडचे काम थाई परवानाधारकानेच करायचे असते. परमिटशिवाय काम केल्यास पाच हजार ते पन्नास हजार बात दंड होतो, देशाबाहेर पाठवतात आणि दोन वर्षे नवे परमिट मिळत नाही. थाई माणसाचे नाव फक्त कागदावर वापरून धंदा केल्यास दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे वाचून कोणाला राग आला, तर आपल्या देशाचा नियमही पाहावा. भारतात पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी माणूस दुकान चालवू शकत नाही. नोकरीचा व्हिसा हवा असेल, तर काही अपवाद सोडून वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगार दाखवावा लागतो. प्रत्येक देश आपल्या लोकांच्या रोजगारासाठी असे कुंपण घालतो.

परदेशात शिकणाऱ्यांनीही लक्ष द्यावे

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले इंग्लंडला जातात. तिथल्या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या अभ्यासक्रमात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येते. पण स्वयंरोजगार करता येत नाही. सायकलवरून जेवण पोहोचवणारे ॲप त्या मुलाला कर्मचारी मानत नाही, स्वतंत्र व्यावसायिक मानते. म्हणून ते काम दहाच तास केले तरी व्हिसाची अट मोडते. दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन ते करणे तर त्याहून वाईट. दुकानात पगारावर उभे राहणे चालते, स्वतःचे दुकान काढणे चालत नाही. पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की स्वतःचा धंदा करण्याची मोकळीक मिळते. तेवढा धीर धरावा.

घरून निघतानाच काय पाहायचे?

आपल्या देशात १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. त्याला आखातातील देश, मलेशिया, थायलंड अशा अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे त्रास नव्हे. त्या निमित्ताने करार, पगार आणि मालक यांची नोंद सरकारकडे राहते. पुढील गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात.

१. एजंट परवानाधारक आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर शोधावे. त्याचा नोंदणी क्रमांक तिथे सापडला पाहिजे.

२. एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. पावती मागावी. दीड लाख मागणारा व्हिसा विकत आहे, सेवा देत नाही.

३. प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढाच हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण मिळते.

४. कराराची प्रत, व्हिसाची प्रत आणि पासपोर्टची प्रत घरी ठेवावी. करारावरील पद आणि व्हिसावरील पद एकच आहे का, ते तपासावे.

५. पैसे बँकेतूनच पाठवावेत. परदेशी वास्तव्य सुरू झाले की गावच्या बँकेतील साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे आणि तिकडच्या कमाईसाठी एनआरई खाते उघडावे.

६. अडचण आल्यास भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे "मदद" हे तक्रार संकेतस्थळ आहे. अडकलेल्यांच्या तिकिटासाठी आणि मृतदेह आणण्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो.

शेवटच्या मुद्द्यात एक मर्यादा आहे. थकलेला पगार, अडवलेला पासपोर्ट, मारहाण अशा बाबतींत दूतावास मालकाशी बोलतो. पण दुसऱ्याच्या नावावरील दुकान बुडाले, तर दूतावासाच्या हातात काहीच नसते. कारण दाखवायला कागदच नसतो.

माणूस न जाता मालही जाऊ शकतो

पेणला हे वेगळे सांगायला नको. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांतील गणेशमूर्ती वर्षानुवर्षे जहाजाने परदेशात जातात. मूर्ती घडवणारा पेणलाच राहतो आणि त्याला कोणत्याही देशाचे वर्क परमिट लागत नाही. त्याला लागतो तो आयात-निर्यात कोड, ज्याचे सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे. त्याच कारागिरीतून बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचे पुतळे घडतात, आणि परदेशातील आपल्या विहारांना त्यांची गरज आहे. मूर्ती घेऊन पर्यटक व्हिसावर जायचे आणि तिथे स्टॉल लावून विकायच्या, हे मात्र बेकायदा काम ठरते. माल रीतसर पाठवावा, विक्री तिथल्या परवानाधारकाने करावी.

आखातातून परतलेल्यांनीही याचा विचार करावा. जे पाच-सात लाख रुपये कफीलच्या नावावरील दुकानात घालायचे, त्याच भांडवलावर धाटावजवळ फॅब्रिकेशनचे किंवा एसी दुरुस्तीचे दुकान स्वतःच्या नावावर उभे राहते. मुद्रा कर्ज आहे, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आहेत. या योजनांतही हेलपाटे आहेत, ते आम्ही नाकारत नाही. पण इथे दुकानाची पाटी आणि परवाना एकाच माणसाच्या नावाचा असतो.

धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर प्राण्यांचा आणि माणसांचा व्यापार येतो. पाली शब्द आहे सत्तवणिज्जा. आझाद व्हिसा विकणारा नेमके काय विकतो? माणसाची पुढील दोन वर्षे. म्हणून आपल्यातील कोणी परतल्यावर "माझ्या कफीलकडे दोन व्हिसे आहेत, एवढे एवढे द्या" असे म्हणत वस्तीत फिरत असेल, तर ती समाजसेवा समजू नये. आणि विहाराच्या देणगीदारांच्या फलकावर त्याचे नाव लावण्याआधीही विचार करावा.

कोलियांच्या दीघजाणु नावाच्या गृहस्थाने बुद्धांना विचारले होते, की आमच्यासारख्या संसारी माणसाने या जन्मी सुख कसे मिळवावे. बुद्धांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्ट आणि कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि बेताने राहणे. आपली मुले पहिल्या गोष्टीत कमी पडत नाहीत. दुसरीत कमी पडतात. रक्षण म्हणजे काय, हे सांगताना त्या सुत्तात धन हिरावून नेणाऱ्यांची यादी येते. तिच्यात चोर, आग, पूर आणि नावडते वारस आहेत, आणि सर्वात आधी राजा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आजच्या सरकारचे जप्तीचे अधिकारही बसतात. रीतसर कागद ही या काळातील आरक्खसंपदा आहे.

तिसरी गोष्ट संगतीची. ती एकट्याने होत नाही. आमची सूचना साधी आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतील विहार समित्यांनी आणि गावच्या पंचायत समित्यांनी वर्षावासाच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. परदेशात नोकरी करून आलेल्या दोघा-तिघांना बोलवावे, एखाद्या वकील बांधवाला बोलवावे, आणि जाणाऱ्या मुलांचे करार सगळ्यांसमोर वाचावेत. ज्या घरात इंग्रजी किंवा अरबी वाचणारा कोणी नाही, त्या घराला याचा सर्वात जास्त उपयोग होईल. पंधरा मिनिटांचे वाचन एखाद्या कुटुंबाचे पंधरा वर्षांचे कर्ज वाचवू शकते.

परदेशात जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जावे, शिकावे, कमवावे, जमेल तेव्हा स्वतःचा धंदाही करावा. मात्र ज्या दिवशी दुकानाची चावी हातात येईल, त्या दिवशी परवान्यावर नाव कोणाचे आहे, ते वाचावे. तुमचे नसेल, तर ते दुकान अजून घेतलेलेच नाही असे समजून नोकरी चालू ठेवावी.

जय भीम, नमो बुद्धाय.